‘लिव्ह बाय नाइट’: दारूबंदीच्या सिनेमात दारूच दिसत नाही

अमेरिकेतल्या दारूबंदीवरचा सिनेमा असला की मी तो सोडत नाही. नोकरीच तशी केली. राज्य उत्पादन शुल्क खात्यात जवान म्हणून लागलो, सहायक दुय्यम निरीक्षक होऊन निवृत्त झालो, आणि मधली बरीच वर्षं वर्धा जिल्ह्यात काढली. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे बंदी असलेल्या मुलखात दारू कशी गाळतात, कुठे लपवतात, कुठल्या वाटेने आणतात आणि लोकांच्या घरात शिरून ती काय करते, हे सगळं मी जवळून बघितलंय. बेन ॲफ्लेकचा ‘लिव्ह बाय नाइट’ लावला तो याच ओढीने. दोन तासांवर नऊ मिनिटांचा सिनेमा संपला तेव्हा फार वाईट वाटलं. दारूच्या धंद्यावरचा सिनेमा, आणि त्यात धंदाच नाही.

सिनेमा २०१६ च्या डिसेंबरातला. डेनिस लेहेन या बॉस्टनच्या लेखकाच्या २०१२ सालच्या कादंबरीवर तो बेतलाय. त्या कादंबरीला रहस्य आणि गुन्हेकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला होता. पटकथा ॲफ्लेकची, दिग्दर्शन ॲफ्लेकचं, नायकही तोच. याच लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीवर २००७ मध्ये त्याने आपला पहिला सिनेमा केला होता, आणि पुढे त्याच्या ‘आर्गो’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तेव्हा हा काही नवशिक्याचा हात नव्हे. कॅमेरा रॉबर्ट रिचर्डसन यांचा, ज्यांच्या नावावर तीन ऑस्कर आहेत. एवढी सामग्री असताना ताट रिकामं कसं राहिलं, याची चुटपुट लागते.

गोष्ट थोडक्यात अशी. जो कॉफलिन हा बॉस्टनच्या एका बड्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धातून परत आला तो कोणाचंच ऐकायचं नाही असं ठरवूनच, आणि दरोडे घालू लागला. आयरिश टोळीप्रमुख अल्बर्ट व्हाइट याच्या मैत्रिणीवर त्याचं प्रेम. त्यातून मारहाण, तुरुंग, आणि बाहेर आल्यावर इटालियन टोळीच्या पेस्काटोरेची चाकरी. पेस्काटोरे त्याला फ्लोरिडातल्या टँपा शहरात रमचा धंदा बघायला पाठवतो, कारण व्हाइटनेही आता तिकडेच बस्तान बसवलेलं असतं. तिथे क्यूबाची ग्रॅसिएला, तिथला शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, शेरीफची मुलगी, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचे लोक आणि शेवटी जुगाराचा अड्डा. एवढं सगळं दोन तासांत कोंबलंय. कादंबरीत तुरुंगाचा भाग ऐसपैस आहे, माणूस तिथे घडतो. इथे तो आत गेला म्हणेपर्यंत बाहेर येतो. अधल्यामधल्या गोष्टी नायक स्वतःच्या आवाजात सांगून मोकळा होतो.

आधी चांगलं काय ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. सुरुवातीचा बँकेवरचा दरोडा आणि त्यानंतरचा गाड्यांचा पाठलाग. त्या काळच्या उंच, अरुंद चाकांच्या गाड्या वळणावर कशा कलंडतात, ब्रेक किती उशिरा लागतो, मागच्या गाडीतून गोळी झाडणाऱ्याचा नेम हादऱ्यांनी कसा चुकतो, हे सगळं अंगावर येतं. मी जीपमध्ये मागे बसून असे पाठलाग केलेत. रात्री कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीने दिवे मालवले की मागच्याच्या पोटात जो गोळा येतो, तो या प्रसंगात आहे. शिवाय कपडे, टोप्या, हॉटेलांचे जिने, सिगारच्या धुरातला पिवळा उजेड, यांत कुठे म्हणून कसर नाही. टँपातली यबोर सिटी ही वस्ती त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक गावात उभी केली. ती बघताना डोळ्यांना सुख होतं.

पण धंदा कुठाय?

अमेरिकेचा तो कायदा नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. १७ जानेवारी १९२० पासून बंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. जवळजवळ चौदा वर्षं. अर्धा टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं कुठलंही पेय त्यात आलं. पण पिणं हा तिथे गुन्हा नव्हता. बनवणं, विकणं आणि वाहून नेणं हा गुन्हा होता. आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. गावोगावच्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसते ती त्याचीच खूण. तिथे तसं नव्हतं. म्हणजे सगळा डाव वाहतुकीचा. माल समुद्रातून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून गोदामात, गोदामातून दुकानात जाईपर्यंत पकडला गेला नाही की जिंकलं. त्या काळाचं नाट्य होतं ते इथे.

आणि काय डोकी चालवली होती लोकांनी! फ्लोरिडातच बिल मकॉय नावाचा बोटी बांधणारा माणूस होता. दारूबंदी आल्यावर तो बहामातून माल आणू लागला. लाकडी पेट्या जागा खातात, आपटल्या की आवाज होतो, बाटल्या फुटतात. त्याने पेट्याच काढून टाकल्या. सहा बाटल्या घ्यायच्या, तळाला तीन, त्यावर दोन, वर एक, मध्ये गवत भरायचं आणि वरून गोणपाट घट्ट शिवून टाकायचं. तेवढ्याच तळघरात कितीतरी जास्त माल मावू लागला, आणि अंधारात हातोहात उतरवायला सोपा. जहाज अमेरिकेच्या हद्दीबाहेर नांगरून ठेवायचं आणि छोट्या वेगवान बोटींनी तिथे येऊन माल न्यायचा. हद्द आधी तीन मैलांची होती. १९२४ मध्ये ती सुमारे बारा मैलांवर नेली, तशा बोटीही मोठ्या आणि वेगवान झाल्या. ही शिवलेली गोणपाटाची गाठोडी मी एकदा फोटोत बघितली आणि बराच वेळ बघत राहिलो. आमच्याकडे ट्रकच्या टायरची ट्यूब असायची. दोन्ही तोंडं बांधून, हातभट्टीची भरून, मोटारसायकलच्या सीटखाली नाहीतर भाजीच्या टोपलीत. विदेशीचा माल यवतमाळ किंवा नागपूरच्या बाजूने यायचा, तेव्हा पुढे एक रिकामी मोटारसायकल पायलट म्हणून धावायची आणि नाका दिसला की मागच्या गाडीला फोन करायची. बंदी कुठलीही असो, माणसाचं डोकं सारखंच चालतं.

यातलं सिनेमात काय आहे? दोन-चार झलका आणि बाकी निवेदन. जो कॉफलिन टँपात उतरतो, थोडी दमदाटी होते आणि बघता बघता तो रमचा राजा होतो. कसा झाला? मळी कोण पुरवत होतं, भाव कोण ठरवत होतं, कोस्ट गार्डच्या बोटीला कोणी कसं चुकवलं, एका पेटीमागे किती सुटत होते? काही कळत नाही. पहिल्या धारेच्या मालाची आशा दाखवायची आणि हातात पाण्याचा पेला द्यायचा, असं झालं.

मला एक धाड कायमची आठवते. नाल्याच्या काठी बेशरमाच्या झुडपांत आम्ही काठ्या टोचत चाललो होतो. ओल्या मातीत काठी सरळ आत जाते. एका जागी ती अडली आणि खालून पोकळ, दबका आवाज आला. हाताने माती बाजूला केली तर प्लॅस्टिकने तोंड बांधलेला ड्रम. दोरी सोडल्याबरोबर मोहाच्या सडव्याचा, म्हणजे दारूसाठी आंबत घातलेल्या मोहफुलांचा, तो आंबूस, गोडसर, डोक्यात जाणारा वास. वर तपकिरी फेस, त्यात बुडबुडे फुटत होते, जणू आत काहीतरी श्वास घेतंय. बाजूला तीन दगडांची चूल, तिच्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं, राख अजून कोमट. बाटलीत नमुना घेतला, लाखेचं सील केलं, पंचांच्या सह्या झाल्या आणि उरलेला सडवा तिथेच ओतून नष्ट केला. तो वास गणवेशातून दोन धुण्यांतही जात नाही. या सिनेमातल्या एकाही माणसाच्या कोटाला असा वास येत नाही. सगळ्यांचे कोट परीटघडीचे, आणि नायकाचा तर पांढरा.

यबोर सिटीचं तर फारच वाईट वाटलं, कारण ती वस्ती म्हणजे कथांची खाण आहे. व्हिसेंते मार्तिनेस यबोर या स्पॅनिश कारखानदाराने १८८० च्या दशकात ती वसवली, सिगार वळण्यासाठी. क्यूबन, स्पॅनिश, सिसिलियन कामगार तिथे शेजारी शेजारी राहिले. कारखान्यात उंच मंचावर बसून एक माणूस कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायचा, सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा पगार कामगार स्वतः वर्गणी काढून द्यायचे. क्यूबाच्या स्वातंत्र्याचा नेता होसे मार्ती १८९१ मध्ये तिथे येऊन भाषण देऊन गेला. आणि १९३१ मध्ये, म्हणजे बरोबर या सिनेमाच्या काळात, मालकांनी त्या वाचकांना काढून टाकलं. एक अख्खं जग डोळ्यांसमोर बदलत होतं. सिनेमाने त्यातून नाचगाण्याचा हॉल, पामची झाडं आणि सिगारचा धूर एवढंच उचललं.

तिथला जुगारही असाच. टँपाचा खरा राजा दारूपेक्षा बोलिटाच्या जोरावर मोठा झाला होता. चार्ली वॉल त्याचं नाव, गावातल्या एका वजनदार घराण्यातला मुलगा. बोलिटा म्हणजे आकड्यांचा खेळ. शंभर आकडे लिहिलेले शंभर गोळे एका पिशवीत घालायचे, पिशवी फिरवायची आणि एक गोळा धरायचा. गरीब माणूस चार-दोन सेंट लावू शकायचा. मटक्याच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, इकडे आकडा आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर लागायचा. आणि गोळ्यांत घोळ कसा करायचे? हवा तो गोळा आधी बर्फात ठेवायचा, म्हणजे पिशवीत हात घालणाऱ्याला थंड लागायचा. नाहीतर त्यात शिसं भरून जड करायचा. पडद्यावर हे किती रंगलं असतं! सिनेमात जुगाराबद्दल पोटतिडकीने बोलतात, पण खेळ असा दिसत नाहीच.

आता नायक. ॲफ्लेकबद्दल राग नाही, पण त्याने हे काम दुसऱ्या कोणाला द्यायला हवं होतं. जो कॉफलिन हा तरुण, उतावळा, हसतमुख पोरगा असायला हवा, ज्याला पाहून बापाला एकाच वेळी लाज आणि माया वाटावी. ॲफ्लेक पहिल्या प्रसंगापासून थकलेला दिसतो. चेहरा हलत नाही. प्रेमात असो, मार खाताना असो की माणूस मारताना, तीच भुवई आणि तोच संथ आवाज. अवैध धंद्यातली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतले टिकणारे फार बोलके असतात. गोड बोलून, ‘साहेब, चहा घ्या’ म्हणत ते माणूस जोखतात. हा कॉफलिन टँपा जिंकतो म्हणे, पण एकाही माणसाला जिंकताना तो दिसत नाही. त्याचा जोडीदार दिऑन, म्हणजे ख्रिस मेसिना, याच्यात ती गंमत आहे. वजन वाढवून, दात दाखवत हसत, घाम पुसत तो वावरतो तेव्हा पडद्यावर जीव येतो. बापाच्या भूमिकेतले ब्रेंडन ग्लीसनही असेच. पोलिसाच्या घरात गुन्हेगार मुलगा जन्मला तर त्या घरात जेवताना काय बोलतात, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत उभा राहतो. त्यांचं काम लवकर संपतं.

एका प्रसंगासाठी मात्र मी हा सिनेमा परत लावेन. शेरीफ फिगिस, म्हणजे ख्रिस कूपर. सरळ, देवभोळा माणूस. क्लॅनमध्ये असलेला त्याचा मेहुणा जोच्या क्लबांवर बंदुका चालवत सुटलाय, आणि जोला तो हवाय. शेरीफ ऐकत नाही. मग जो त्याच्यासमोर काही फोटो ठेवतो. शेरीफची मुलगी लोरेटा नटी व्हायला हॉलीवूडला गेली होती. तिथे तिचं काय झालं, ते त्या फोटोंत आहे. कूपर ओरडत नाहीत. चेहऱ्यावरचं रक्त उतरतं, नजर फोटोवरून हलत नाही, आणि कायद्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस आपल्यासमोर फक्त बाप उरतो. नायकाने इथे किती नीच काम केलंय हे आपल्याला कळतं. सिनेमा जर याच्याशी प्रामाणिक राहिला असता तर! पण पुढच्याच भागात तो पुन्हा जोला भला माणूस ठरवायच्या मागे लागतो. क्लॅनवाले इतके वाईट दाखवायचे की त्यांना मारणारा आपोआप चांगला ठरावा, ही सोपी वाट त्याने धरली.

लोरेटा परत येते ती तंबूत प्रवचन करणारी होऊन. एल फॅनिंगने हे काम फार मनापासून केलंय. जो तिच्यासमोर बसून बोलतो तो प्रसंगही शांत आणि खरा आहे. पण तिचा सगळा रोख जुगाराच्या अड्ड्यावर. दारूविरुद्ध बोलणारं या सिनेमात कोणी नाहीच म्हटलं तरी चालेल, आणि इथे माझं खरं दुखणं आहे. अमेरिकेत दारूबंदी आकाशातून पडली नाही. बायकांनी ती मागितली. १८७४ मध्ये त्यांची ख्रिश्चन मद्यपानविरोधी संघटना उभी राहिली. कॅन्ससमध्ये कॅरी नेशन नावाची बाई कुऱ्हाड घेऊन गुत्ते फोडत फिरली. तिचा पहिला नवरा दारूनेच गेला होता. पगार गुत्त्यात आणि मार घरात, हा त्यांचा अनुभव होता. माझ्या हद्दीत धाडीची टीप कित्येकदा बायकाच द्यायच्या. पदर डोक्यावर घेऊन, शेजारणीला बरोबर घेऊन यायच्या, नाव लिहू नका म्हणायच्या आणि भट्टी नेमकी कुठल्या बाभळीखाली ते सांगून जायच्या. गडचिरोलीची १९९३ ची दारूबंदी लोकांच्या चळवळीतून आली, तिच्यातही बायका पुढे होत्या. त्या बंदीने काय साधलं, काय बिघडलं, यावर वाद घाला, जरूर घाला. पण या बायकांना वगळून दारूबंदीची गोष्ट पुरी होऊ शकत नाही.

दारूने मेलेल्यांनाही वगळता येत नाही. उद्योगधंद्यांसाठीचं स्पिरिट चोरून प्यायला वळवलं जातं म्हणून अमेरिकी सरकारने त्यात विष मिसळायला लावलं होतं, आणि १९२७ च्या सुरुवातीला त्याचं प्रमाण आणखी वाढवलं. मिथेनॉल. माणसं आंधळी झाली, मेली. १९३० मध्ये आल्याच्या औषधी अर्कात भेसळ झाली आणि हजारो गरिबांचे पाय लुळे पडले. मिथेनॉल काय करतं हे आपल्याला मुंबईतल्या मालवणीच्या २०१५ च्या विषारी दारूकांडाने दाखवलंय. शंभरावर माणसं गेली. ‘लिव्ह बाय नाइट’मध्ये माणसं गोळ्यांनी मरतात, झकास कपड्यांत मरतात. दारू पिऊन कोणी मरत नाही. कोणाला साधी उलटीसुद्धा होत नाही. मग नायकाच्या मनात पापाची जी खंत दाखवलीय ती नेमकी कशाची?

अमेरिकेतही प्रेक्षकांनी पाठ फिरवली. साडेसहा कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने जगभरात जेमतेम सव्वादोन कोटींच्या आसपास धंदा केला. मला यात आनंद नाही. असे काळ उभे करणारे सिनेमे करायला आता आधीच कोणी पैसे घालत नाही, आणि एक पडला की पुढच्या दहांची दारं बंद होतात.

बघायचाच असेल तर असा बघा. सुरुवातीपासून दरोडा आणि पाठलाग संपेपर्यंत मन लावून बघा, शक्यतो मोठ्या पडद्यावर आणि खोलीतले दिवे घालवून. मग टँपात पोचल्यावर शेरीफची दृश्यं बघा, फोटोंचा प्रसंग सोडू नका, आणि लोरेटा व जो समोरासमोर बसतात तो प्रसंग. शेवटची हॉटेलातली गोळीबारी नीट बांधलेली आहे, तीही चालेल. तिच्यानंतरही सिनेमा बराच वेळ चालतो आणि एकामागून एक शेवट करत राहतो. तो भाग गाळलात तरी चालेल. लहान मुलांना घेऊन बसू नका, रक्तपात भरपूर आहे. माझ्याकडून पाचपैकी दोन तारे. त्यातला एक सबंध ख्रिस कूपर यांचा.